घरच्या कॉम्प्युटरवाल्यांचे प्रश्न

प्रश्न : मी आयटीत आहे, एवढ्या भांडवलावर सगळं नातं माझ्याकडे लॅपटॉप आणून देतं. सध्या मावशींचा आठ-नऊ वर्षांचा लॅपटॉप आलाय. सुरू व्हायलाच दहा मिनिटं घेतो. 'फॉरमॅट मारून दे' म्हणतात. नाही म्हणता येत नाही, पण उद्या काही उडालं तर बोल मलाच लागणार. सुरुवात कुठून करू?
– एक वाचक, सातारा

उत्तर : फॉरमॅट लगेच मारू नका. आधी मावशींना शेजारी बसवा आणि कुठल्या गोष्टी गेल्या तर त्यांना वाईट वाटेल ते विचारा. 'काही महत्त्वाचं नाही' या उत्तरावर थांबू नका. डेस्कटॉप, डाउनलोड्स, डी ड्राइव्ह, ब्राउझरमधले सेव्ह केलेले पासवर्ड आणि टॅली वापरत असतील तर तिचं डेटा फोल्डर, हे एकेक नाव घेऊन विचारा. सगळं बाहेरच्या हार्ड डिस्कवर कॉपी करा आणि त्यातल्या चार-पाच फाइल्स दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडून बघा. 'कॉपी झाली' एवढ्यावर विश्वास ठेवल्याने लग्नाचे फोटो गेलेली घरं आहेत.

दुसरी गोष्ट बिटलॉकर, म्हणजे विंडोजचं डिस्कला लागणारं कुलूप. बऱ्याच लॅपटॉपमध्ये मायक्रोसॉफ्ट अकाउंटने लॉगिन केलं की डिस्क आपोआप एन्क्रिप्ट होते, मालकाला पत्ताही नसतो. तुम्ही बायोसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणाऱ्या मशीनच्या सेटिंग्जमध्ये) काही बदललं, तर पुढच्या वेळी लॅपटॉप ४८ आकडी 'रिकव्हरी की' मागू शकतो. ती त्या अकाउंटवर सेव्ह असते. ती आधी काढून मावशींच्या वहीत उतरवा.

आता मूळ दुखणं. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या कळा एकत्र दाबून टास्क मॅनेजर उघडा आणि परफॉर्मन्समध्ये जा. काहीच चालू नसताना डिस्क १०० टक्क्यांवर अडकली असेल आणि तिथे 'एचडीडी' लिहिलं असेल, तर दोष विंडोजचा नसून फिरत्या हार्ड डिस्कचा आहे. फॉरमॅटने आठवडाभर बरं वाटेल, मग पुन्हा तेच. २.५ इंची साटा एसएसडी, म्हणजे आत काही न फिरणारी वेगवान डिस्क, बसवा, कागदपत्रं-फोटोंपुरत्या वापराला २५६ जीबी पुरते. यूएसबी-टू-साटा केबलने जुन्या डिस्कची हुबेहूब नक्कल, म्हणजे क्लोन, करता येतं. त्याआधी बिटलॉकर बंद करून डिस्क पूर्ण डिक्रिप्ट होऊ द्या. विंडोजचं लायसन्स मदरबोर्डशी बांधलेलं असेल तर डिस्क बदलल्याने जात नाही. जुनी डिस्क न पुसता, वर तारीख लिहून महिनाभर कपाटात ठेवा.

टास्क मॅनेजरमध्येच मेमरीखाली 'स्लॉट्स यूज्ड' दिसतं. रॅम ४ जीबी असेल आणि स्लॉट रिकामा असेल तर आणखी ४ टाका. डीडीआर३ आणि डीडीआर४ या रॅमच्या प्रकारांची खाच वेगळ्या जागी असते, त्यामुळे चुकीची रॅम बसतच नाही. डीडीआर३ आणि डीडीआर३एल मात्र दिसायला सारख्याच असतात. काही लॅपटॉप फक्त १.३५ व्होल्टची, म्हणजे 'एल'वालीच घेतात, दुसरी बसवली तर पडदा काळाच राहतो. जुन्या रॅमवरचा मजकूर वाचून मगच खरेदी करा.

एक सांगायलाच हवं. विंडोज १० चा नियमित सपोर्ट, म्हणजे सुरक्षेचे अपडेट, १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) आणि, इंटेल असेल तर, साधारण आठव्या किंवा त्यापुढच्या पिढीचा प्रोसेसर लागतो. मावशींचा लॅपटॉप त्यात बसत नसेल आणि काम ब्राउझर, फोटो, पत्रं एवढंच असेल, तर विंडोजऐवजी लिनक्स मिंट या मोफत सिस्टिमची हलकी एक्सएफसीई आवृत्ती ४ जीबी रॅमवर छान चालते. टॅली किंवा डिजिटल सहीचं टोकन वापरत असतील तर त्या वाटेला जाऊ नका. क्रॅक केलेलं विंडोज मात्र कुणी कितीही गळ घातली तरी टाकून देऊ नका. ते चालू करून देणारे अ‍ॅक्टिव्हेटर बहुधा आधी डिफेंडर, म्हणजे विंडोजचं अँटिव्हायरस, बंद करायला सांगतात, आणि त्याच मशीनवर मावशी नेटबँकिंग करणार असतात.

पार्ट मावशींच्या नावाने, बिलासकट घ्या. वॉरंटीसाठी बिल त्यांच्याकडेच असायला हवं. पासवर्ड त्यांनाच टाकू द्या, तुमच्या फोनमध्ये लिहून ठेवू नका.

प्रश्न : आई-बाबा रत्नागिरीला, मी बंगळूरला. पडद्याच्या कोपऱ्यात सारखं 'तुमच्या कॉम्प्युटरमध्ये पाच व्हायरस' असं येतं आणि बाबा घाबरून फोन करतात. फोनवर सांगून सांगून दोघेही वैतागतो.
– एक वाचक, बंगळूर

उत्तर : हा बहुतेक वेळा व्हायरस नसतो. कुठल्या तरी साइटने विचारलेल्या प्रश्नावर 'अलाउ' दाबलं गेलं, की तिथून नोटिफिकेशन येत राहतात. क्रोममध्ये सेटिंग्ज, प्रायव्हसी अँड सिक्युरिटी, साइट सेटिंग्ज, नोटिफिकेशन्स इथे जा. अनोळखी साइट काढा आणि 'साइट्सनी विचारूच नये' असा पर्याय ठेवा. बाबांसाठी हेच कायमचं औषध.

दुरून बघायला विंडोजचं क्विक असिस्ट वापरा. कंट्रोल, विंडोज आणि क्यू दाबलं की उघडतं. मायक्रोसॉफ्ट अकाउंट फक्त तुम्हाला लागतं. तुम्ही कोड घ्यायचा, बाबांनी तो टाकून परवानगी द्यायची. कोड १० मिनिटांत बाद होतो, म्हणून ते समोर बसल्यावरच काढा. मध्येच तुमच्याकडचा पडदा काळा झाला तर लाइन तुटली असं समजू नका. त्यांच्याकडे 'यस की नो' विचारणारी खिडकी आलेली असते, ती त्यांनीच दाबायची.

याच सोयीने लोक लुबाडले जातात. म्हणून घरात एकच नियम ठेवा : पडदा दाखवायचा तो आई-बाबांनी स्वतःहून तुम्हाला फोन केल्यावरच. 'बँकेतून बोलतोय', 'मायक्रोसॉफ्टमधून बोलतोय' असं म्हणून आलेला फोन सरळ ठेवायचा. पैसे गेलेच तर त्याच क्षणी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन आणि बँकेला कळवणं. हा आकडा मोठ्या अक्षरात मॉनिटरशेजारी चिकटवून या.

प्रश्न : मित्राच्या वडिलांचा कॉम्प्युटर नव्याने लोड केला. त्यांच्या मराठी फाइल्समध्ये आता इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांचा चिवडा दिसतो. फाइल्स खराब झाल्या का?
– एक वाचक, सांगली

उत्तर : नाहीत. श्रीलिपी, कृतिदेव, डीव्हीबी-टीटी हे जुने फॉन्ट आतून इंग्रजी अक्षरांचेच कोड वापरतात आणि त्यावर देवनागरीचं चित्र दाखवतात. फॉन्ट गेला की चित्र जातं. वर्डमध्ये त्या मजकुरावर क्लिक करा, वरच्या चौकटीत मूळ फॉन्टचं नाव अजूनही दिसेल. जुन्या डिस्कवर विंडोजच्या फॉन्ट्स फोल्डरमध्ये त्याची फाइल सापडते. ती उजव्या क्लिकने इन्स्टॉल करा. म्हणूनच जुनी डिस्क पुसायची घाई नको.

पुढे हा मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही कॉम्प्युटरवर मराठीच दिसेल अशा कोडमध्ये, आणून ठेवा. कन्व्हर्टर त्याच फॉन्टचा हवा, कृतिदेवचा श्रीलिपीला चालत नाही. बदलल्यावर रफार, पहिली वेलांटी आणि 'तऱ्हा', 'दुसऱ्या' यांतला 'ऱ्' नजरेखालून घाला, चुका तिथेच होतात. नव्या लेखनासाठी विंडोजच्या भाषांमध्ये मराठी जोडून इनस्क्रिप्ट किंवा फोनेटिक कीबोर्ड घ्या. विंडोज आणि स्पेसबार दाबलं की इंग्रजी-मराठी बदलतं.

प्रश्न : काकांच्या जुन्या डेस्कटॉपची तारीख रोज मागे जाते आणि निम्म्या साइट्स 'कनेक्शन सुरक्षित नाही' म्हणतात.
– एक वाचक, मडगाव

उत्तर : मदरबोर्डवरची सीआर२०३२ बटण-बॅटरी संपली आहे. चुकीच्या तारखेमुळे साइट्सची प्रमाणपत्रं मुदतीबाहेरची वाटतात. आधी बायोसच्या पानांचे फोटो काढा. प्लग काढा, पॉवरचं बटण काही सेकंद दाबून धरा, अधिक चिन्ह वर ठेवून नवी बॅटरी बसवा. मग तारीख भरा आणि 'साटा मोड' (डिस्कशी बोलायची पद्धत) फोटोप्रमाणेच आहे ना ते बघा. तो बदलला तर विंडोज सुरू होत नाही आणि लोक उगाच फॉरमॅटला धावतात.

प्रश्न : कुठल्या कामाला स्पष्ट नाही म्हणावं?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : टकटक आवाज करणाऱ्या डिस्कला. ती चालू ठेवण्यात दर मिनिटाला डेटा जातो. विंडोजचं डिस्क तपासणारं चेकडिस्क चालवू नका, बंद करून डेटा रिकव्हरीवाल्याकडे पाठवा. डेस्कटॉपला वीज पुरवणाऱ्या एसएमपीएसचा डबाही उघडू नका, प्लग काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये धोकादायक व्होल्टेज राहतं. चहा सांडलेला लॅपटॉप लगेच बंद करून, चार्जर काढून दुकानात. तांदळात ठेवल्याने आतली साखर निघत नाही.

आणि टचपॅड वर उचललेला किंवा तळ फुगलेला लॅपटॉप आला, तर बॅटरी फुगली आहे. चार्जिंग तिथेच थांबवा, झाकण दाबून बसवू नका, टोकदार काही घालून बॅटरी उचकटू नका. अधिकृत सर्व्हिस सेंटरला न्या आणि जुनी बॅटरी ई-कचऱ्यातच द्या, घरच्या कचऱ्यात नाही.