पुण्यात समुद्र नाही, पण पाण्याच्या काठाने चालत इतिहास बघता येईल असा एखादा मार्ग आहे का?

आहे. लकडी पुलापासून संगमापर्यंत, मुठेच्या काठाने.

मुंबईत ससून डॉकपासून गेटवेपर्यंत किनाऱ्याने चाललात, तसं पुण्यात कुठून सुरू करावं आणि किती वेळ लागेल, असं तुम्ही विचारलंय. पुणेकरांना विचाराल तर ते शनिवारवाडा, लाल महाल, विश्रामबागवाडा, पर्वती अशी यादी देतील आणि नदीचं नाव काढलं की नाक मुरडतील. मला याचा मनापासून राग येतो. सगळ्या जुन्या पेठा या नदीच्या आधाराने वसल्या, देवळं तिच्याकडे बघून बांधली, घाट तिच्यात उतरवले. आणि आपण पाहुण्यांना नेतो ते मात्र तिच्याकडे पाठ करून.

डेक्कन जिमखाना मेट्रो स्टेशनला उतरा, ते नदीपात्राला लागूनच आहे. तिथून लकडी पूल जवळ. पाटीवर संभाजी पूल लिहिलंय, पण रस्ता विचारताना लकडी पूलच म्हणा. १७६१ साली पानिपतानंतर नानासाहेब पेशव्यांनी तो लाकडाचा बांधून घेतला आणि त्याच वर्षी जूनमध्ये पर्वतीवर त्यांचा अंत झाला. आजचा पूल पुढच्या काळातला. याच पुलापलीकडे १९०५ साली विदेशी कापडाची होळी झाली. पूल ओलांडून पेठांच्या बाजूला या आणि प्रवाहाच्या दिशेने चालू लागा. अमृतेश्वर लागेल, ते थोरल्या बाजीरावांची बहीण भिऊबाई यांनी बांधवलेलं देऊळ. मग ओंकारेश्वर. वसई जिंकणाऱ्या चिमाजीअप्पांची समाधी इथेच आहे. ओंकारेश्वराच्या नदीकडच्या बाजूला थोडा वेळ थांबा, घाई करू नका.

माझं खरं सांगणं इथलंच आहे. घरातल्या एका लग्नानंतर नागपूरची पाहुणेमंडळी म्हणाली, पुणे दाखवा. मी सगळ्यांना नदीकाठी घेऊन आले. आई होती, सत्तरी ओलांडलेली, आणि आमचे आतोबाही होते. आतोबांचा पेशवाईचा अभ्यास दांडगा, त्याबद्दल मला आदर आहे. लकडी पुलावर त्यांनी छान सांगितलं, की पानिपतावरून हरून परतणाऱ्यांना गावात येता यावं म्हणून घाईघाईने लाकडी पूल घातला, अशी कथा आहे. ओंकारेश्वरापाशी त्यांनी वसईची मोहीम अशी उभी केली की लहान मुलंसुद्धा गप्प बसून ऐकत होती.

त्यांचं झाल्यावर आई बोलायला लागली. आमचं आजोळ शनिवार पेठेत, इथून हाकेच्या अंतरावर. १२ जुलै १९६१ ला ती सातवीत होती. सकाळी पानशेत धरण फुटल्याची बातमी आली तेव्हा पेठेतली अर्धी माणसं पळायचं सोडून पाणी बघायला पुलावर धावली. आजोबा छापखान्यातून घरी आले ते ओरडतच, चुली विझवा आणि पर्वतीकडे चला. मुलांची दप्तरं त्यांनी माळ्यावर टाकली, तिथे काही होणार नाही म्हणून. आजीने देव्हाऱ्यातले देव पदरात बांधले. पानशेतचं पाणी खडकवासल्यात आलं आणि तेही धरण त्याच दिवशी फुटलं. पर्वतीच्या पायऱ्यांवर बसून संध्याकाळपर्यंत सगळे खाली बघत होते. दुसऱ्या दिवशी वाड्यात परतले तर नदीकडची भिंत गेलेली, गुडघाभर गाळ, कोठीतले तांदूळ भिजून फुगलेले आणि माळ्यावरची दप्तरं चिखलाचा गोळा झालेली. गावाला पाणी पाजणारं धरणच गेलं, त्यामुळे नळाला थेंब नाही, आणि वाड्याच्या विहिरीतही गाळ. तिची शाळा मग सुटलीच, कारण पुढे गोखलेनगरला पूरग्रस्तांच्या घरांत बिऱ्हाड हलवावं लागलं. घाटावर उभं राहून आई बोटाने दाखवत होती, पाणी इथवर, मग इथवर, मग माडीच्या खिडकीला.

आतोबा म्हणाले, "वहिनी, या आठवणी झाल्या. इतिहास १८१८ ला पेशवाईबरोबर संपला." आई काही बोलली नाही. पाहुण्यांना घेऊन ते पुढे गेले.

मी तेव्हापासून त्यांच्याशी भांडते आहे आणि ते अजून तसंच म्हणतात. त्यांचं घर सदाशिव पेठेत उंचावर, तिथे पाणी पोचलं नव्हतं. माझं म्हणणं साधं आहे. पानिपत १७६१ चं, पूर १९६१ चा, मध्ये बरोबर दोनशे वर्षं. दोन्ही वेळा सर्वस्व गमावलेल्या माणसांचा लोंढा याच नदीकाठाने पाहिला. हरून परतलेल्या सैनिकांसाठी पूल बांधला तर तो इतिहास, आणि गाळातून वर आलेल्या बाईचं बोलणं मात्र आठवण, हे मला कधीच पटणार नाही. इतिहास १८१८ ला संपत असेल तर ओंकारेश्वराशेजारच्या विठ्ठल रामजी शिंदे पुलावरून आतोबांनी डोळे मिटून जावं लागेल. २० ऑगस्ट २०१३ ला सकाळी फिरायला निघालेल्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांना तिथेच गोळ्या घातल्या. तुम्ही त्या पुलावर जरूर थांबा.

पुढे शिवाजी पूल, म्हणजे नवा पूल. नवा म्हणतात, पण आहे १९२३ चा, दगडी कमानींचा. त्याची कमान खालून बघा, वरून गाड्यांशिवाय काही दिसत नाही. इथून वर चढलात की शनिवारवाड्याचा दिल्ली दरवाजा समोर येतो. तिथे आत जाऊ नका, तो वेगळ्या दिवसाचा विषय आहे. शेवट संगमावर करा, मुळा आणि मुठा मिळतात तिथे. इंग्रजांची रेसिडेन्सी, म्हणजे पेशवे दरबारातल्या त्यांच्या वकिलाचं ठाणं, याच भागात होती. ५ नोव्हेंबर १८१७ ला, खडकीच्या लढाईच्या दिवशी, तो वकील एल्फिन्स्टन ती सोडून गेला आणि पेशव्यांच्या माणसांनी ती जाळली.

चालताना काँक्रीटच्या भिंती आणि पात्रात उभे केलेले मेट्रोचे खांब दिसतील. काठ सुधारण्याचा ४४ किलोमीटरचा प्रकल्प चालू आहे, २०२२ साली त्याचं भूमिपूजन झालं. मला तो मान्य नाही. नदीला अंग पसरायला जागा लागते आणि आपण तिला बांध घालून अरुंद करतोय. पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी रेषा आणि शंभर वर्षांतल्या पुराची लाल रेषा नकाशावर असताना लोकांना तिच्या आत घरं विकली जातात. २५ जुलै २०२४ ला सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत घराघरांत पाणी शिरलं, तेव्हा मी आतोबांना फोन करून हेच म्हटलं: १९६१ ला आठवण म्हणून बाजूला टाकलं, म्हणून हे झालं.

आता काही गोष्टी आधीच सांगायला हव्या होत्या. सलग पायवाट नाही. मधे मधे काठ सोडून पेठेत शिरावं लागतं आणि पुन्हा उतरावं लागतं. एप्रिल-मे मध्ये वास असह्य होतो, आणि पाणी स्वच्छ कधीच नसतं, पाय बुडवू नका. पावसाळ्यात खडकवासल्यातून विसर्ग वाढल्याची बातमी असेल तर पात्रातल्या रस्त्याला जाऊच नका, भिडे पूल पाण्याखाली जातो तेव्हा बाकीचंही फार वर नसतं. गणपती विसर्जनाच्या दिवसांत घाट बघायला मिळतात, चालायला मिळत नाहीत. अंधार पडल्यावर एकट्याने टाळा.

वेळ विचारलीत. अंतर साधारण तीन-साडेतीन किलोमीटर, नुसतं चालायला तासभर, पण अर्धा दिवस ठेवा. दिवाळीनंतर थंडीत, सकाळी सातला निघा. परतायला जिल्हा न्यायालय मेट्रो स्टेशन संगमापासून जवळ पडतं. आणि ऐंशीच्या घरातलं कुणी ओळखीचं पेठेत राहत असेल तर त्यांना ओंकारेश्वरापर्यंत रिक्षाने घेऊन या आणि पाणी कुठवर आलं होतं ते विचारा.