इंग्लंडमध्ये पीआयपी (दीर्घ आजार किंवा अपंगत्व असलेल्यांना मिळणारा सरकारी भत्ता) नाकारल्यावर फेरविचार आणि अपील यांच्या निकालासाठी किती थांबावे लागते?

फेरविचाराचा निर्णय किती दिवसांत द्यावा याचे कोणतेही बंधन कायद्याने हा भत्ता देणाऱ्या सरकारी खात्यावर, म्हणजे डीडब्ल्यूपीवर, घातलेले नाही. त्यामुळे या टप्प्याला काही आठवडे लागू शकतात किंवा काही महिने, आणि त्यानंतर अपील करावे लागले तर सुनावणीपर्यंत आणखी कित्येक महिने जातात, हे गृहीत धरूनच घरखर्चाचा हिशेब मांडावा. मुदती आहेत त्या मुख्यतः अर्जदारासाठी, हा विरोधाभास खटकणाराच आहे: मूळ निर्णयाच्या तारखेपासून एका महिन्यात फेरविचार मागावा लागतो आणि त्याचे उत्तर आल्यावर पुन्हा एका महिन्यात न्यायाधिकरणाकडे अपील दाखल करावे लागते. सबळ कारण असल्यास उशीर माफ होऊ शकतो. न्यायाधिकरणाच्या २००८ च्या नियमावलीनुसार अपील पोहोचल्यावर खात्याने २८ दिवसांत आपले म्हणणे मांडायचे असते, मात्र सुनावणीची तारीख किती दिवसांत मिळावी याला मर्यादा नाही. प्रतीक्षेच्या काळात प्रकृती खालावली तरी न्यायाधिकरण मूळ निर्णयाच्या दिवशीची स्थितीच विचारात घेते, म्हणून मूळ निर्णयाच्या सुमाराचे वैद्यकीय कागद जपून ठेवावेत. निकाल बाजूने लागल्यास थकबाकी मिळते. स्कॉटलंडमध्ये राहत असाल तर हे लागू नाही: पीआयपीऐवजी तिथे मिळणाऱ्या अडल्ट डिसॅबिलिटी पेमेंटसाठी ४२ दिवसांत फेरनिर्णय मागता येतो, तो ५६ दिवसांत देणे अपेक्षित असते आणि तसे न झाल्यास थेट अपील करता येते.