इंग्लंडच्या खेड्यात पहिल्यांदाच सुट्टीसाठी कॉटेज भाड्याने घेताय?

चावी बहुधा दुपारी 4 नंतर मिळते, म्हणून किराणा वाटेतच घ्या. रविवारी पोहोचणार असाल तर जास्तच जपा, मोठी सुपरमार्केट त्या दिवशी फक्त 6 तास उघडी असतात. घर शोधायला नुसत्या पोस्टकोडवर (तिकडचा पिनकोड) विसंबू नका. गावाकडे एकच कोड दूरदूरच्या घरांना असतो. मालकाकडून खुणा विचारा, नकाशा आधीच डाउनलोड करा.

भांडी असतात, पण कुकर, लाटणं, मसाले तुमचे तुम्हीच न्या. शेगडी इंडक्शनची आहे का, हे नक्की विचारा: साधा ॲल्युमिनियमचा कुकर तिच्यावर तापतच नाही. फोडणीआधी खिडकी उघडा, नाहीतर धुराचा अलार्म वाजतो. सेप्टिक टँक असेल तर उरलेलं तेल सिंकमध्ये अजिबात ओतू नका, थिजून पाइप तुंबतो. कढई टिश्यूने पुसून तो कचऱ्यात टाका.