कपाशीला युरिया फेकला, तर मुळं तो नत्र घेतात कशी आणि पान हिरवं व्हायला चार-सहा दिवस का लागतात?

कारण मुळं युरिया फारसा तसाच उचलत नाहीत. ओल मिळाली की जमिनीतलं युरिएज हे विकर (एन्झाइम) त्याचं अमोनियम, म्हणजे नत्राचं एक रूप, करतं, साधारण दोन-चार दिवसांत. मग नायट्रोसोमोनास आणि नायट्रोबॅक्टरसारखे जिवाणू अमोनियमचं नायट्रेट, म्हणजे नत्राचं दुसरं रूप, करतात. अमोनियमवर धन भार असतो, म्हणून चिकणमातीचे कण त्याला धरून ठेवतात. नायट्रेट मात्र पाण्यात मोकळं फिरतं आणि मूळ पाणी ओढतं तेव्हा त्याच्यासोबत मुळापाशी येतं. पुढे मुळातली प्रथिनं ऊर्जा खर्चून त्याला आत घेतात. म्हणजे वाफसा (मातीत बेताची ओल आणि हवा) नसेल तर खत शेजारी पडूनही पीक उपाशीच! (भात वेगळा. चिखलात प्राणवायू नसतो, त्यामुळे तो मुख्यतः अमोनियमच घेतो.)

आत गेलेल्या नायट्रेटचं पुन्हा अमोनियम होऊन अमिनो आम्लं बनतात, त्यातून प्रथिनं आणि हरितद्रव्य.

खरी गळती जमिनीवरच होते. आपल्या काळ्या, विम्लधर्मी (आम्लाच्या उलट, अल्कली) रानात वर पडलेल्या युरियाचा अमोनिया होऊन उडतो. ४५ किलोच्या गोणीत जेमतेम २०.७ किलो नत्र, त्यातला अर्धासुद्धा बऱ्याचदा पिकाला मिळत नाही. म्हणून युरिया मातीआड करा, दोन-तीन हप्त्यांत द्या. पाणी साचलेल्या वावरात तर टाकूच नका, तिथे नायट्रेटचा वायू होऊन जातो.