ईसीजी नॉर्मल आहे, मग छाती का धडधडते?

प्रश्न : ताई, जय ख्रिस्त. मी जालन्याची, वय ४६. मुलगा नाशिकला शिकायला गेल्यापासून रात्री तीनला दचकून जाग येते, छाती धडधडते, हात गार पडतात. त्याने फोन उचलला नाही की मी थेट अ‍ॅक्सिडेंटपर्यंत पोचते. ईसीजी केला, नॉर्मल. डॉक्टर म्हणाले अँग्झायटी आहे, गोळी लिहून दिली. पण आमच्या महिला संघात एक बाई म्हणाल्या, प्रार्थना कमी पडतेय, विश्वास असेल तर गोळी कशाला. तेव्हापासून गोळीचं पाकीट कपाटात साडीखाली पडलंय. मी खरंच अल्पविश्वासी आहे का?
– एक आई

उत्तर : जय ख्रिस्त ताई. आधी ते पाकीट साडीखालून काढा आणि डॉक्टरांना फोन करून सांगा की अजून सुरूच केली नाही, ते सांगतील तशी घ्या, आणि एकदा सुरू झाली की आपल्या मनाने बंदही करू नका. प्रेषित पौल ज्याला ‘प्रिय वैद्य’ म्हणतो तो लूक त्याच्यासोबत होता, वैद्य बरोबर ठेवल्याने पौलाचा विश्वास कुठे कमी झाला? त्या बाईंचा हेतू वाईट नसेल, पण असं बोलून आपण घाबरलेल्या माणसाच्या डोक्यावर अपराधाचं आणखी एक गाठोडं ठेवतो हे आपल्या लोकांना कधी कळणार देव जाणे.

आता बायबलातलं १ राजे, अध्याय १९ काढा. कर्मेल डोंगरावर बआल दैवताच्या ४५० संदेष्ट्यांसमोर एकटा उभा राहिलेला देवाचा संदेष्टा एलीया, ईजबेल राणीची एक धमकी आली आणि जीव घेऊन पळाला, रानात एका झुडपाखाली बसून म्हणतो, पुरे झालं परमेश्वरा, माझा प्राण घे. आणि तिथेच झोपला. देवाने काय केलं, विश्वासावर लेक्चर दिलं? नाही. देवदूत आला, म्हणाला उठ, खा. उशाशी निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाणी. तो खाऊन परत झोपला, झोपू दिलं, मग पुन्हा उठवून दुसऱ्यांदा खाऊ घातलं. होरेब डोंगरावर देवाची मंद वाणी ऐकू आली ती नंतर. म्हणून विचारते, रात्री जेवता का नीट, की मुलगा नाही म्हणून कालचंच काहीतरी उभ्याने खाऊन ओटा पुसता?

माझंही सांगते. मिस्टरांच्या बायपासनंतर मी रोज पहाटे बाथरूमचा नळ सोडून रडायचे, आवाज बाहेर जाऊ नये म्हणून. लांबलचक प्रार्थना तेव्हा जमतच नव्हती, शब्दच सापडायचे नाहीत. स्तोत्र ५६ मधला एकच भाव धरला, भीती वाटेल तेव्हा मी तुझ्यावर भरवसा ठेवीन. श्वास घेताना अर्धं, सोडताना अर्धं. त्यात ‘भीती वाटेल तेव्हा’ असं लिहिलंय बघा, भीती वाटणारच नाही असं नाही.

फिलिप्पैकरांस पत्रातलं ‘चिंताक्रांत होऊ नका’ हे वाक्य आपण एकमेकांच्या तोंडावर फेकतो, पण पौलाने ते कैदेतून लिहिलंय आणि पुढे म्हणतो आपली मागणी आभारासह देवाला कळवा. हा आभाराचा भाग आपण गाळतो. मी तेव्हा कालनिर्णयच्या चौकटीत रोज एक ओळ लिहायचे, डावीकडे चिंता, उजवीकडे आभार. एका दिवसाची उजवी बाजू नुसती ‘दूधवाला वेळेवर आला’ एवढीच आहे, चालतं. पण चिंता लगेच गेली असं समजू नका, मला वर्षभर तरी लागलं.

आणि स्वतः येशू, धरला जाण्याआधी, गेथशेमाने बागेत म्हणाला ना, माझा जीव मरणाइतका खिन्न झालाय, त्याने मित्रांना सोबत जागं राहायला सांगितलं. तुमच्याबरोबर कोण जागं राहतं? एकीला तरी खरं सांगा, संघातल्या त्या बाई सोडून. फारच असह्य झालं तर १४४१६ वर, टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनवर, कधीही फोन करता येतो, पैसे पडत नाहीत.

आणि मुलाला ओरडू नका. रात्री नऊला नुसता एक अंगठा पाठव म्हणावं व्हॉट्सअ‍ॅपवर, पोरं तेवढं करतात.