दहा वर्षांचा तक्ता मांड

प्रिय पोरी,

अनेक आशीर्वाद.

रविवारी तू मोबाइल माझ्यापुढे धरलास आणि म्हणालीस, "काका, टाटा मोटर्सचा पी-ई दोनच्याही खाली आहे, म्हणजे भाव वर्षाच्या नफ्याच्या दुप्पटही नाही, एफडी मोडून घेऊ का?" लगेच पुढे म्हणालीस, "पण बाबांचे शेअर एका दिवसात चाळीस टक्के पडले होते, की विकूनच टाकू?" एका दमात घेऊ आणि विकू. मी चिडलो आणि चहा अर्धा टाकून उठलो. रात्री झोप आली नाही. तुझ्या बाबांनी पिंपरीच्या त्या कारखान्यात उभं आयुष्य काढलं, ते शेवटपर्यंत कंपनीला जुन्या नावाने टेल्कोच म्हणत. ते शेअर तू असे घाबरत हाताळतेस, हे मला बघवत नाही.

चाळीस टक्क्यांचं आधी मिटवतो. १४ ऑक्टोबर २०२५ ला टाटा मोटर्समधून ट्रक-बसचा धंदा वेगळा निघाला. एका शेअरमागे त्या नव्या कंपनीचा एक शेअर मिळाला आणि जुन्याचा भाव ६६० वरून ४०० वर आला. १२ नोव्हेंबरला ट्रकवाल्या कंपनीची शेअर बाजारात नोंदणी झाली. डीमॅट उघडून बघ, ती तिथे आहे. काहीही पडलेलं नाही.

आता तो पी-ई. सप्टेंबर २०२५ च्या तिमाहीत जुन्या, म्हणजे आता फक्त गाड्यांच्या, कंपनीने सुमारे ७६,००० कोटींचा नफा दाखवला. त्यात ८२,००० कोटींहून जास्त रक्कम ही ट्रकचा धंदा वेगळा काढल्याची कागदोपत्री नोंद आहे. ती काढ, उरतो सहा हजार कोटींवरचा तोटा. सायबर हल्ल्यामुळे तिच्याच मालकीच्या जॅग्वार लँड रोव्हरचे इंग्लंडमधले कारखाने महिनाभराहून जास्त बंद होते, हे तू बातम्यांत वाचलंस. तरीही तुला पी-ई दोन खरा वाटला. का? कारण तू एकाच वर्षाच्या नफ्याने भाव मोजलास.

गाडीकंपनीचा भाव एका वर्षाच्या नफ्याने मोजायचा नाही. दहा वर्षांचा नफा लिहायचा, तोट्याची वर्षं उणे चिन्हासकट लिहायची, दहाने भागायचं आणि मग विचारायचं की बाजार याच्या कितीपट मागतोय. हे मी फुकट शिकलो नाही.

२०१५ च्या फेब्रुवारीत मी ५९० ला घेतले. सहाशेचा भाव होता, कंपनी वर्षाला चौदा हजार कोटी कमावत होती आणि भाव तेरापट दिसत होता. ताईच्या इंजिनीअरिंगचे पैसे होते ते. कुणीही मला फसवलं नाही, मीच पेन घेऊन तेरा काढले आणि खूश झालो. त्या दिवशी मागची दहा वर्षं लिहिली असती तर दिसलं असतं की त्यात २००८-०९ चा अडीच हजार कोटींचा तोटा आहे, जॅग्वार लँड रोव्हर २.३ अब्ज डॉलरला घेतल्यानंतरचा. त्याआधीची वर्षं दीड-दोन हजार कोटींची आहेत. सरासरी निघते साडेपाच हजार कोटींच्या आसपास, म्हणजे मी तीसपटीहून जास्त दिले होते.

पुढे चीनमधली विक्री बसली, युरोपात डिझेल गाड्या नकोशा झाल्या, ब्रेक्झिट आलं. २०१८-१९ मध्ये कंपनीने जॅग्वार लँड रोव्हरच्या मालमत्तेची किंमत ३.१ अब्ज पौंडांनी कमी केली आणि वर्षाचा तोटा २८,८०० कोटींवर गेला. मग कोविड, मग चिपचा तुटवडा. चार वर्षं सलग तोटा. मार्च २०२० मध्ये भाव ६५ च्या आसपास.

मे महिन्यात मी ८० ला सगळे विकले. पी-ईच्या जागी नुसती रेघ होती, कारण नफाच नव्हता. दहा वर्षांचा तक्ता तेव्हा मांडला असता तर कंपनी सरासरी नफ्याच्या जेमतेम चार-पाच पटीत मिळत होती! जे विकायचं ते घ्यायची वेळ होती. तरी एक सांगतो, विकलं याचा मी आजही पश्चात्ताप करत नाही. वर्कशॉप बंद होतं, तीन पोरांचा पगार द्यायचा होता, आणि तो मी दिला. माझा हिशेब चुकला. गरज खरी होती. तुझी काकू यावर अजून माझ्याशी वाद घालते, घालू दे.

आणि जुलै २०२४. भाव ११७९, बाजारमूल्य चार लाख कोटींच्या वर, मागच्या वर्षाचा नफा ३१,००० कोटींपुढे. पुन्हा तेरा-चौदापट! नऊ वर्षांपूर्वीचाच आकडा. त्या नफ्यात जुन्या तोट्यांवरच्या कर-सवलतीची मोठी रक्कम होती, ती कोण बघतो? मी या वेळी वही उघडली. २०१४-१५ ते २०२३-२४, दहा वर्षांची बेरीज दहा हजार कोटींच्या आसपास. वर्षाला एक हजार. म्हणजे बाजार चारशेपटीहून जास्त मागत होता. २०१९ चा तो घाव काढून टाकला तरी शंभराच्या वर. तू म्हणशील, कंपनी बदलली, कर्ज उतरलं, जुनी वर्षं कशाला मोजायची? २०१५ मध्ये मीही हेच म्हणालो होतो, आणि म्हणूनच तू म्हणू नयेस. पुढच्या एप्रिलमध्ये अमेरिकेने परदेशी गाड्यांवर पंचवीस टक्के आयातशुल्क लावलं आणि भाव साडेपाचशेच्या आत-बाहेर आला. आयातशुल्क येणार हे माझ्या वहीत नव्हतं. पण वाईट वर्षं येतात, हे होतं.

"ट्रकचा धंदा तरी स्थिर" असंही तू म्हणालीस. २०००-०१ चा ५०० कोटींचा तोटा तुझ्या बाबांना विचारता आला असता तर बरं झालं असतं. इंडिका नवी होती हे खरं, पण ट्रकचा बाजारही बसला होता. मालवाहतूक मंदावली की ट्रक आधी थांबतो. त्याचीही दहा वर्षं मांड.

येत्या रविवारी ये. येताना वार्षिक अहवाल उघडून २०१५-१६ पासूनचे आकडे स्वतःच्या हाताने वहीत उतरवून आण. ट्रकचा रकाना वेगळा, गाड्यांचा वेगळा, कागदोपत्री नफ्याला लाल गोल. आधीच्या वर्षांत हे दोन धंदे वेगळे काढताना अडशील, तिथे आपण दोघं बसू. बाबांच्या शेअरांना तोवर हात लावू नकोस.

तुझा काका

ता. क. एफडी मोडली नाहीस ना? पत्र मिळताच फोन कर.