लोअर आर्मचा गंजलेला बोल्ट चेसिसमध्येच तुटला, आता काय करावे?

तुमच्या प्रश्नावरून असे दिसते की पुढच्या लोअर आर्मचा (चाकाला चेसिसशी जोडणाऱ्या खालच्या दांड्याचा) बुश, म्हणजे त्याच्या सांध्यातला रबरी तुकडा, बदलताना बोल्टाचे डोके तुटले, उरलेला भाग आतच राहिला आणि मेकॅनिक आता गॅस कटर लावू म्हणतो आहे. त्याला आधी थांबवा, कारण कटरची ज्योत बोल्टासोबत चेसिसचा पत्रा आणि त्याला आतून वेल्ड केलेला नटही खाऊन टाकते, आणि मग दोनशे रुपयांच्या बोल्टापायी चेसिसचे काम निघते. रत्नागिरीच्या खाऱ्या हवेत बारा वर्षे चाललेल्या माझ्या गाडीवर मी हाच प्रसंग निभावला आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

सर्वप्रथम बोल्ट नेमका कुठे धरला आहे ते ओळखा. बहुतेकांना वाटते की तो आट्यांत अडकला आहे, पण सस्पेन्शनमध्ये तो पुष्कळदा बुशच्या आतल्या लोखंडी नळीत धरलेला असतो. गंज मूळ लोखंडाच्या दुपटीहून अधिक जागा व्यापतो, त्यामुळे बोल्ट आणि नळी यांच्यातली बारीक फट भरून दोन्ही एकजीव होतात. माझ्या गाडीचा बोल्ट पाव फेरा फिरायचा आणि पाना सैल सोडताच स्प्रिंगसारखा मागे यायचा. फिरत होते ते बुशचे रबर, बोल्ट नव्हे. अशा वेळी पान्याला लांब पाईप लावून जोर केला की डोके तुटणारच, आणि तुमच्याकडेही बहुधा तेच झाले असावे.

असे असेल तर बुश वाचवण्याच्या फंदात पडू नका, तो नाहीतरी बदलायचाच आहे. बुशची बाजू आणि ब्रॅकेट (चेसिसचा, आर्म धरणारा भाग) यांच्या मधल्या फटीत हॅक्सॉचे ब्लेड घालून बोल्ट दोन्ही बाजूंनी कापा. हे काम संथ आहे, मला दीड तास लागला, पण आर्म अलगद खाली येतो आणि चेसिसला धक्का लागत नाही. तत्पूर्वी गाडी जॅकवर न ठेवता स्टँडवर ठेवा, आणि स्प्रिंग थेट आर्मवर बसणारी रचना असेल तर आर्मखाली जॅकचा आधार दिल्याशिवाय काहीही कापू नका.

आता नटात उरलेला तुकडा. तो थोडा बाहेर डोकावत असेल तर गंजतेल (गंज सैल करणारे पातळ तेल) मारून रात्रभर मुरू द्या. सकाळी ब्रेकचा होज, सेन्सरची वायर आणि पेट्रोलची नळी बाजूला घ्या, सांडलेले तेल पुसून काढा आणि मगच नट तापवा, कारण तापलेला नट प्रसरण पावून बोल्टावरची पकड ढिली करतो. तरीही न सुटल्यास तुकड्यावर एक मोठा नट ठेवून त्याच्या भोकातून तो तुकड्याला वेल्ड करून घ्या (बॅटरीची निगेटिव्ह वायर आधी काढा) आणि थोडा थंड झाल्यावर पान्याने मागेपुढे हलवत काढा. वेल्डिंगची आच नेमकी बोल्टालाच लागते, म्हणून माझ्या अनुभवात हा उपाय सर्वांत भरवशाचा ठरला.

तुकडा आतच तुटला असेल तर सेंटर पंचने (ठोकून खूण करणाऱ्या टोकदार अवजाराने) अचूक मध्य धरून आधी बारीक ड्रिल मारा आणि मग हळूहळू आकार वाढवा. निमुळता एक्स्ट्रॅक्टर (ड्रिलच्या भोकात उलटा फिरवून तुकडा काढणारे अवजार) घाईने ठोकू नका. तो अतिशय कडक पोलादाचा असतो, आत तुटला की साधे ड्रिल त्याच्यावर चालत नाही. शेवटी त्याच आट्यांचा टॅप (आटे पाडणारे अवजार) फिरवून नट साफ करा.

नवा बोल्ट कंपनीने सांगितलेल्या ग्रेडचाच घ्या, बाजारातला कुठलाही साधा बोल्ट या जागी चालणार नाही. बोल्टाच्या मधल्या गुळगुळीत भागाला, म्हणजे नळीत बसणाऱ्या भागाला, अँटी-सीझ (बोल्ट पुन्हा गंजून अडकू नये म्हणून लावायचा लेप) लावा. आट्यांना मात्र मॅन्युअलमध्ये सांगितले असेल तरच लावा, कारण त्याने त्याच टॉर्कला (आवळण्याच्या जोराला) बोल्ट जास्त ताणला जातो. अंतिम आवळणी गाडीचे वजन चाकांवर आल्यावरच करून घ्या, नाहीतर बुश पिळलेल्या स्थितीत बसेल आणि काही महिन्यांत रबर फाटेल. त्यानंतर व्हील अलाइनमेंट करून घ्यावे लागेल.